तिला इंग्रजी येत नाही

नुरजातनं चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला, आणि म्हाताऱ्या सातिबाल्दीनं चौथ्यांदा नुसता चहा ओतला.

"आजोबा, वरचं तळं कसं दिसतंय?"

"छान दिसतेय की. वर पाहुणी बसलीय आपली."

नुरजात गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. आज ती दुभाषी होती. समोर ग्रॅहम नावाचा इंग्रज इंजिनिअर मांडीवर फॉर्म घेऊन बसला होता. हिमनद्यांखाली साठलेली तळी तपासत तो गावोगाव फिरत होता. या तळ्यापर्यंत रोज मेंढरं नेणारा सातिबाल्दी एकटाच, त्यामुळे साक्ष त्याचीच. त्यानं धोका आहे म्हटलं तर तळं फुटल्याचा इशारा देणारा भोंगा याच उन्हाळ्यात गावात बसणार, नाहीतर गाव पुढच्या वर्षीच्या यादीत. बाराला ग्रॅहमची जीप निघणार होती आणि अकरा कधीच वाजून गेले होते.

नुरजातच्या डोक्यात तिडीक गेली होती. त्यात म्हातारा लोकरीच्या जाजमावर चक्क बूट घालून बसलेला. आमच्याकडे दारू प्यायलेला माणूसही आधी बूट काढतो, मग पडतो. परका ग्रॅहमसुद्धा दाराशी बूट काढून मोज्यांवर बसला होता, आणि त्याच्या एका मोज्याला भोक होतं. म्हाताऱ्याचं डोकं आता चालत नसावं, असं तिला वाटलं.

"आजीला सांगितलंत ना, वर बर्फ कडकडतंय म्हणून? अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मग यांना सांगायला काय होतं?"

"मी असलं काही बोललो नाही." त्यानं खिडकीकडे पाहिलं. "आणि तूही त्या वरच्या पाहुणीचं नाव काढू नकोस."

घोडं पेंड खात होतं ते इथंच. आमच्या डोंगरात लांडग्यालाही कुणी लांडगा म्हणत नाही, कुत्रं-पाखरू म्हणतात. नाव घेतलं की तो येतो.

"त्यांना काही वाटत नसेल, तर मी 'धोका नाही' लिहितो," ग्रॅहम इंग्रजीत म्हणाला. "माझे शब्द मी त्यांच्या तोंडी घालणार नाही."

नुरजातनं कपाळाला हात लावला. "आजोबा, एक शब्द बोला हो. तुमच्या या मौनापायी गाव वाहून जायचं."

"मग तूच बोल. इंग्रजीत बोल. तिला कुठं इंग्रजी येतंय?"

"इंग्रजीत असेल तर तुम्ही स्वतः बोलाल?"

"शब्द दे."

तिनं दिला. "ऑमिनस."

"म्हणजे?"

नववीच्या वर्गात सांगायची तसंच तिनं सांगितलं. "ज्यानं अजून काहीच वाकडं केलेलं नाही, पण करणार हे आपल्या अंगाला कळतं, त्याला लावायचा शब्द. चावलेल्या कुत्र्याला नाही लावत. भुंकायचं थांबून नुसतं बघत उभं राहतं ना, त्या कुत्र्याला लावतात."

"चांगला शब्द आहे," म्हातारा म्हणाला. दोनदा तोंडातल्या तोंडात घोळवून तो ग्रॅहमकडे वळला. "ऑमिनस."

ग्रॅहमनं पेनाला टोपण लावलं. "बाई, हा शब्द तुम्ही आत्ता माझ्यासमोर शिकवलात. त्यांना त्याचा अर्थ तरी कळलाय का?"

नुरजातला आता रडूच यायचं बाकी होतं. सगळा जन्म पोरांना शब्द शिकवण्यात गेला, आणि आज एक शब्द कामाला येत नव्हता.

"कळलाय का, विचारतोय," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "आता याला काय दाखवू मी?"

म्हाताऱ्यानं चहाची वाटी खाली ठेवली. दोन्ही पाय लांब करून ग्रॅहमच्या मोज्यांशेजारी ठेवले आणि बुटाच्या चामड्यावर बोटानं टकटक केलं.

"सांग त्याला, एकवीस दिवस झाले. झोपतानाही काढलेले नाहीत. म्हातारीनंही नाहीत."

नुरजातनं सांगितलं.

ग्रॅहमनं त्या बुटांकडे पाहिलं. मग टोपण काढून त्यानं फॉर्मवर तो शब्द लिहिला आणि खाली सही केली. उठला, दाराशी गेला, आपले बूट घेऊन परत आला आणि जाजमावर बसून नाड्या बांधायला लागला.

त्याला कुणी अडवलं नाही.