वाकडी चोच

आजचीही चोच वाकडीच होती. सुनेने तो अंगठ्याएवढा पक्षी उजेडात धरला, आतल्या खोलीत सासरे घोरताहेत याची खात्री केली आणि हलकेच कानस उचलली.

टाग्वाची बी ताडासारख्या एका झाडाची. वाळली की हस्तिदंतासारखी पांढरी आणि टणक होते. सासऱ्यांनी उभा जन्म या बियांचे पक्षी कोरण्यात घालवला होता. आजारातून उठल्यापासून मात्र हात थरथरतो म्हणायचे. आधी शेपट्या बिघडल्या, मग पंख, आता चोची. दुकानदाराने पक्षी परत पाठवले तर म्हातारा अंथरूणच धरेल, या धास्तीने सून रोज दुपारी ते गुपचूप सुधारायची.

खरं तर या कामाशी तिचं कधी जमलंच नव्हतं. लग्नानंतर सासऱ्यांनी शिकवायचा घाट घातला, तेव्हा पहिल्याच बीच्या पोटातल्या पोकळीत तिची कोरणी घुसली आणि बी दुभंगली. तिने कानाला खडा लावला. तिच्या नवऱ्याने तर आधीच नोकरी धरली होती. सासऱ्यांनी पुन्हा विषय काढला नाही, फक्त बिया मोजक्याच मागवू लागले.

संध्याकाळी दुकानदार आला. काठोकाठ भरलेली कपबशी सासऱ्यांनी स्वतः त्याच्यापुढे नेऊन ठेवली. त्याने पक्षी उलटसुलट करून पाहिले आणि आजारपण तुम्हाला चांगलंच मानवलं, अशी थट्टा केली. मग म्हणाला, पुढच्या आठवड्यात दुकानात बसून गिऱ्हाइकांसमोर कोरून दाखवा.

सासऱ्यांनी आढेवेढे न घेता होकार दिला. सून दारातच थबकली. चारचौघांत यांचा हात थरथरला, चोच मोडली, लोक हसले तर? इतके दिवस तिने झाकून ठेवलेलं सगळं त्यांच्याच अंगाशी येणार होतं.

दुकानदार गेल्यावर ती त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, रागावू नका. नाही म्हणून कळवा त्यांना."

"का गं?"

"ते पक्षी मी नीट करते. शेपट्या, पंख, चोची, सगळं. तुम्ही झोपलात की." तिचे डोळे भरून आले. "तुमचं मन मोडू नये म्हणून बोलले नाही."

तिने नुकताच सुधारलेला पक्षी सासऱ्यांनी हातात घेतला, चोचीवरून अंगठा फिरवला. मग पेटीतून एक नवी बी काढली. कोरणी सरसर फिरली, पांढरा भुसा मांडीवर पडत राहिला, आणि बघता बघता सुईसारखी सरळ चोच बाहेर आली. त्यांचा हात जराही थरथरला नाही.

"दुकानात तू बसायचंस," ते म्हणाले. "चोच जमली तुला. उद्यापासून डोळे बिघडवायला घेतो."