ताकातले जीव

डिंगोरे गावची समृद्धी जुन्नरच्या कॉलेजात बी.ए.ला. आधी पदवी, मग लग्न, हे तिनं घरात घसा कोरडा करून सांगितलं. पण पोरीचं ऐकलं तर बापाचा रुबाब कसला? गेणभाऊंनी ऐन परीक्षेच्या तोंडावर पेठचं पावणं तिला बघायला बोलावलंच.

ताकाचा पेला रिकामा करून मुलाचा बाप सावळाराम म्हणाला, "काय शिकती गं पोरी?"

"यंदा आर्ट्सवाल्यांनाबी जंतूंचा विषय हाय. तुमी आत्ता प्यायलात ना, त्या ताकात करोडो जिवंत जंतू व्हते. त्यांच्याबिगर दुधाचं दही व्हतच न्हाई."

सावळारामानं गळ्यातली तुळशीची माळ घट्ट धरली. "जिवंत? गेणभाऊ, आमी माळकरी माणसं! जित्ता जीव पाजलात व्हय आमाला?"

"अवो पावणं, तुमच्या घरचं दहीबी तसंच असतंय..."

"आमच्या घरचं दही शाकाहारी हाय!" असं ठणकावून पावणं गाडीत बसलं. पोरीचं शिक्षण मोडायला निघालेल्या माणसांना जंतूंची मात्र लई दया आली. लग्न फिसकटलं. समृद्धी शांतपणे पुस्तक उघडून बसली.


सोमवारी जंतूंच्या तासाला कधी नव्हे त्या बी.ए.च्या सगळ्या पोरी हजर. सरांनी खडू हातात घेण्याआधीच एकीनं विचारलं, "सर, गरम कांदेपोह्यांत जंतू जिवंत राहावेत म्हणून काय करायचं?"