चावी कुंडीत

सेजलला तिसऱ्यांदा हसू फुटलं आणि हृतिकच्या गिटारचा ठेका पुन्हा कोलमडला. महाडच्या सभागृहात तालीम चालली होती, पडदा उघडायला तासभर उरला होता आणि या जोडीला अजून एक कडवं धड गाता आलं नव्हतं. कार्यक्रम भरवणारा आमोद पहिल्या रांगेत डोक्याला हात लावून बसला. आज गाणं रंगलं तर तो या नवराबायकोशी वर्षाचा करार करणार होता. दर महिन्याला एक नवं गाणं आणि बारा गावांत कार्यक्रम. फसलं, तर आहे तेच, नुसती शिफ्ट आणि कंपनीची बस.

“अरे, घरी सराव कसा करता तुम्ही?” त्याने विचारलं.

“घरी?” सेजल म्हणाली. “घरी एका येळी एकच माणूस जागा असतो, दादा.”

यात काही खोटं नव्हतं. दोघांचा संसार बिरवाडीतल्या भाड्याच्या खोलीत, नोकरी औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कंपनीत. पण ती पॅकिंगला, फर्स्ट शिफ्ट. तो प्लांटवर, सेकंड शिफ्ट. सकाळी ती बस पकडायची तेव्हा तो घोरत असायचा. दुपारी चारला ती परतायची तोवर हा कुंडीत चावी ठेवून पसार. रात्री तो जेवायला बसला की तिच्या पापण्या मिटायला लागायच्या. तिची सुट्टी रविवारी, त्याची बुधवारी. लग्नाला तीन वर्षं झाली, पण गरम भाकरी एकत्र खाल्ल्याचे दिवस बोटांवर मोजावेत. घरमालकीण प्रयागबाई शेजारणींना विचारायची, “ही नवराबायको हायत, का एका खाटेचे दोन भाडेकरू?”

सांगायचं मात्र दोघांच्याही मनात पुष्कळ साठायचं. हृतिकला लिहायचा भारी कंटाळा. म्हणून एका दुपारी त्याने गिटारवर दोन ओळी गाऊन तिच्या मोबाइलवर पाठवल्या: ‘चावी कुंडीत हाय, भाजी झाकून हाय, तू येशील तवा मी गेलेला हाय.’ सेजलने त्या शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये ऐकल्या आणि अशी हसली की अख्खी बस वळून बघायला लागली. मग तिने आपल्या दोन ओळी जोडून पाठवल्या. त्यात दळण विसरल्याबद्दल शिव्या होत्या आणि शेवटी, आज स्वप्नात तू होतास, असंही होतं. आठवडाभरात गाणं झालं. तिच्या चुलतबहिणीने, स्नेहलने, ते इंटरनेटवर टाकलं आणि चार लाख लोकांनी ऐकलं. त्यामागून आणखी नऊ गाणी आली. सगळी अशीच, अर्धी दुपारची, अर्धी संध्याकाळची.

समोरासमोर उभं राहून गायची वेळ कधी आलीच नव्हती. आता तो ढळढळीत समोर उभा होता, नव्या शर्टात, शाळेच्या फोटोत असावं तसं गंभीर तोंड करून. सेजलला त्याच्याशी बोलावंसं वाटत होतं. गावंसं मुळीच वाटत नव्हतं.

लोक येऊन बसायला लागले. आमोद घड्याळाकडे बघायला लागला. सेजलची नजर कोपऱ्यातल्या हृतिकच्या कामाच्या बॅगेवर गेली. ती क्षणभर विचार करून म्हणाली, “हृतिक, तू जा.”

“आता? कुठं गो?”

“ड्यूटीला.”

पडदा उघडला. खांद्याला कामाची बॅग अडकवलेला हृतिक एकटाच रंगमंचावर आला. गिटारवर दोन ओळी गायला, गिटार खुर्चीवर ठेवली आणि डावीकडून निघून गेला. उजवीकडून सेजल आली, हातात डबा घेऊन. डब्याच्या झाकणावर ठेका धरत तिने आपल्या दोन ओळी म्हटल्या आणि तीही गेली. मग पुन्हा तो, मग पुन्हा ती. सभागृहात निम्मे लोक वसाहतीतले कामगार होते. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. तिसऱ्या फेरीला पॅकिंगच्या पोरींनी शिट्ट्या सुरू केल्या, पाचव्या फेरीला सगळं सभागृह गात होतं. हसता हसता बऱ्याच जणांनी डोळे पुसले. पडद्याआडून ते बघताना सेजलला भरून आलं.

कार्यक्रम संपला तसा आमोद कराराचे कागद नाचवतच आत आला. “काय सुचलं गं तुला! आता हेच धरून ठेवायचं. फक्त शिफ्ट बदलू नका हं कधी. सगळी गाणी तिथूनच तर येतात!”

त्याच्या पाठोपाठ कंपनीच्या टाइम ऑफिसात शिफ्ट लावणारे चिंतामणी साहेब आले, चष्मा पुसत. “अरे, माझ्या कागदावर तुम्ही नुसते दोन नंबर. जोडपं आहात हे आज कळतंय मला! एकदा येऊन सांगायचं तरी. हृतिक, सोमवारपासून तूही फर्स्ट शिफ्टला.”

सेजलने करार हातात घेतला. बारा गावांची नावं होती, खाली सहीची जागा होती. असा कागद तिने किती वेळा मनात पाहिला होता! तिने हृतिककडे पाहिलं. तो साहेबांना विचारत होता, “साहेब, सुट्टी पण एकाच वारी मिळंल काय?”

सेजलने कागदाची नीट घडी घातली आणि आमोदच्या हातात ठेवली.

“अगं, आणि गाणी?” आमोद कळवळून म्हणाला.

“गाणी म्हंजी ह्याला सांगायचं ऱ्हायलेलं, दादा,” सेजल म्हणाली. “सोमवारपासून काय ऱ्हायचंच नाय.”