पाठीवरची पट्टी

नवऱ्याचा मणका मोडला तेव्हा डॉक्टरांनी अफूच्या जातीच्या औषधाची पट्टी दिली. दर तिसऱ्या दिवशी बायको ती त्याच्या पाठीवर चिकटवून तळहाताने अर्धं मिनिट दाबून धरायची. तो असा सुखावायचा, की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वीस वर्षांत तिच्या नुसत्या हाताने तो कधी असा विरघळला नव्हता.

मणका सांधला. सवय जडू नये म्हणून डॉक्टरांनी पट्टी कमी करत करत बंद केली.

"टळली एकदाची सवत!" ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तो सदरा काढून, तिच्याकडे पाठ करून बसला.

"अहो, पट्टी बंद झालीय ना?" ती फणकारली.

"हळू बोल. अर्धं मिनिट व्हायचंय अजून."

त्याच्या उघड्या पाठीत न दिसणाऱ्या तळहाताचा ठसा रुतत चालला होता, तिच्या तळहाताहून लहान.