कोरडा कोपरा

"सुही कोत म्हणजे कोरडा कोपरा. गावाच्या नावातच पाणी नाही, तर शोधतेस काय पोरी?" येरामावशीनं हसत पेला पुढे केला. "घे, टाकीतलं पावसाचं पाणी."

स्लोव्हेनियातल्या या अकरा घरांच्या गावाखाली झरा सापडला, तर एक कंपनी तो बाटल्यांत भरून नेणार होती. तपासणी माझ्याकडे होती.

सवयीनं मी पेल्यात तापमापक बुडवला. नऊ अंश. ऐन जुलैत टाकीतलं पाणी एवढं गार नसतं.

मावशीचं हसू मावळलं. "पूर्वी सैन्यं यायची, विहिरी उपसून जायची. म्हणून पूर्वजांनी हे नाव ठेवलं. चारशे वर्षं सगळ्यांनी विश्वास ठेवला."

मी पाणी पिऊन टाकलं. तापमापक पुसला आणि अहवालात लिहिलं: गावाचं नाव सार्थ आहे.