सिग्नलपाशी डावीकडे

"गेहेन झी गेराडेआउस," अक्षदा फोनला म्हणाली. सरळ जा. "बीगेन झी आन डेअर आम्पेल लिंक्स आब." सिग्नलपाशी डावीकडे वळा.

ओट्याच्या पायरीवर बसून तिनं रेकॉर्डिंग परत ऐकलं. सकाळपासून कितव्यांदा, ते मोजायचं तिनं सोडून दिलं होतं. व्याकरण बरोबर होतं. शेवटचं 'आब'ही विसरलं नव्हतं. तरी जर्मनच्या क्लासच्या मॅडमचा दुपारचा मेसेज तोच होता. मॅडम केरळच्या, हिंदीत बोलायच्या. "ग्रामर ठीक है, अक्षदा. लेकिन आप रास्ता बता नहीं रहीं, पूछ रही हैं. आवाज़ आख़िर में नीचे लाइए."

आज संध्याकाळपर्यंत जमलं तर या बॅचच्या परीक्षेला नाव जाणार. पास झाली की मंचरच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून थेट जर्मनी. आणि तीन वर्षांची लेक संस्कृती इथं, निरगुडसरच्या मळ्यात, आजीपाशी. नवरा सुनील चाकणला कंपनीत, रविवारचा पाहुणा. तो म्हणायचा, दोन वर्षं काय, अशी जातील.

"काय इचारतीस गं त्या फोनला सारखी?" सासूनं, साळुबाईनं, गोठ्याकडं जाता जाता विचारलं.

"इचारत नाय, आत्या. रस्ता सांगतीय."

"आसा व्हय रस्ता सांगत्यात? मला वाटलं सायबाकडं सुट्टी मागतीस."

अक्षदा हसली नाही. या घरात आल्यापासून तिची बहुतेक वाक्यं 'का'वर संपत होती. भात टाकू का. मंचरला जाऊन येऊ का. जर्मनीचंही तसंच विचारलं होतं, ताटं वाढता वाढता.

"आपल्याकडं कसं," साळुबाई म्हणाली, "चिंचंपासून खाली उतरा, मंग गेणभाऊच्या गोठ्यावर कुणालाबी इचारा. झालं. त्यांच्यात मानसं न्हाईत का इचारायला?"

"असतील. पण परीक्षेत नसत्यात."

अंगणाला सुनीलनं तारेची जाळी मारून घेतली होती. जाळीपलीकडं ऊस. सकाळीच वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरून गेली होती: उसात बिबट्या आहे, दिवस कलला की लेकरं एकटी बाहेर सोडू नका. अक्षदा बोलतानाही अर्धी नजर जाळीवर ठेवायची. डोळे दुखायचे त्यानं, पण सवय झाली होती. कोपऱ्यात संस्कृती मातीत पाणी ओतत बसली होती. साळुबाई उसाच्या वाढ्यांचा भारा आणायला बाहेर गेली आणि डोक्यावर घेऊन आली.

अक्षदानं पुन्हा नवं रेकॉर्डिंग सुरू केलं. सरळ जा. सिग्नलपाशी डावीकडे वळा. तिनं आवाज खाली आणायचा प्रयत्न केला आणि तो परत वरच गेला. "डान झेएन झी..." मग तुम्हाला उजव्या हाताला दवाखाना दिसेल.

तिला उजव्या हाताला दिसलं ते जाळीचं फाटक. उघडं.

कोपऱ्यात नुसता मग पडला होता. पोरगी कोंबडीमागं चालत चालत उसाच्या कडेला पोचली होती. मघापासून भुंकणारं कुत्रं गप्प झालं होतं. वारा नव्हता, तरी उसाची पानं एकाच जागी हलत होती.

फोन पायरीवर ठेवून अक्षदा उठली. आपण धावलो तर ती खेळ समजून पुढं पळणार, हे तिला ठाऊक होतं. ती हळूहळू फाटकाकडं चालू लागली.

"संस्कृती. थांब. मागं वळ. सरळ माझ्याकडं ये. पळू नको."

मोठ्यानं नाही. एकेक शब्द खाली ठेवावा तसा.

पोरगी थांबली. वळली. हात चिखलात माखलेले, तशीच सरळ चालत आली. अक्षदानं तिला उचलून आत घेतलं, कडी लावली आणि तिथंच मातीत बसली. पानं हलायची थांबली होती. उसात काय होतं, ते दिसलं नाही.

साळुबाई गोठ्यातून बाहेर आली. फाटक, सून, नात, असं बघत गेली. "मीच उघडं टाकलं," ती म्हणाली. "डोक्यावर भारा व्हता."

अक्षदात भांडायचंही त्राण नव्हतं. पायरीवर फोन अजून रेकॉर्ड करत होता. पुसून परत म्हणायला हवं होतं. तिनं होतं तसंच पाठवून दिलं.

संस्कृतीला बिस्किट देऊन सासू-सुना पायरीवर बसल्या होत्या, तेव्हा मॅडमचं उत्तर आलं. "शुरू में तो वही, आप पूछ रही हैं. लेकिन आख़िर में आपने किसी को मराठी में कुछ कहा. मुझे समझ में नहीं आया. पर बोलना वैसे ही है. जर्मन में एक बार वैसे बोल के भेजिए, मैं नाम डाल देती हूँ."

"काय म्हनती?"

"नाव घालते म्हणत्यात."

साळुबाई फाटकाकडं बघत हळूच म्हणाली, "मी आसते तर आरडले आसते. अन् ही पळाली आसती उसात." नातीच्या तोंडावरचा चुरा पुसत म्हणाली, "मगाशी कसं म्हनलीस? परत म्हन. मला शिकव."

अक्षदानं म्हणून दाखवलं. साळुबाईनं पदरानं तोंड पुसलं, पाठ ताठ केली आणि नातीकडं बघून म्हणाली, "संस्कृती. थांब. मागं वळ. सरळ माझ्याकडं ये..."

शेवटाला तिचा आवाज कापत कापत वर गेला. संस्कृती बिस्किट खात हसायला लागली.

"इचारू नका, आत्या," अक्षदा म्हणाली. "सांगा."