सारजाचं नाक

"थोडं वाकडं ऱ्हाऊ द्या, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर सारजाच्या नाकावर शाईनं खुणा करत होते. त्यांचा हात थांबला. नाक वाकडं ठेवा म्हणणारी बाई त्यांना पहिल्यांदाच भेटली होती.

"अहो, अवघड काम तर झालं. कपाळाच्या कातड्याचं नाक केलं, ते जगलं. आता शेंडा जाड आहे तो बारीक करायचा. डावी नाकपुडी बुजलीय ती मोकळी करायची. बुडाशी दोन्ही सारख्या करायच्या. मग कुणाला कळणारसुद्धा नाही."

"म्हनून तर नको," सारजा म्हणाली. "कळू द्या."

डॉक्टर पुण्याहून महिन्यातून एकदा बारामतीला यायचे. बाहेर बाकड्यावर माणसं खोळंबली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"नाक नीट झालं की मला लोणी देवकरला धाडनार हायती," ती घाईनं बोलली. "तितं नवरा दाव्यानं बांधतो. म्हशीशेजारी." तिनं मनगट पुढं केलं. कातडीवर काळं कडं उठलं होतं. बांगडीचं नव्हतं ते.

सासरच्यांनी एसटीडीवरून निरोप दिला होता. बिननाकाची सून दारात दिसली तर चार लोक विचारणार. आधी नाक बसवा, मग नेतो. म्हणजे नाक अर्धं होतं तोवर सारजा माहेरी, लोणी भापकरला होती. पोरं तिला बघून पळायची. पळू देत. निदान तिला कुणी बांधत नव्हतं.

केसपेपरवर लिहिलं होतं, कडबाकुट्टीच्या यंत्रात नाक गेलं. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेले. यंत्रानं बोटं सोडली, हनुवटी सोडली, नाकाचा शेंडा तेवढा उचलला. इतकं हुशार यंत्र अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नसेल. पण बाईचं नाक गेलं की यंत्रावर संशय घ्यायचा आणि माणसांना सोडून द्यायचं, ही आपली रीत.

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "खरं सांग. नवऱ्यानं कापलं ना?"

सारजानं दाराकडं पाहिलं. दारापलीकडं तिचा थोरला भाऊ जयवंता बसला होता. डॉक्टरांना जे कळायचं ते कळलं.

"वाईट आहे हे. फार वाईट," ते म्हणाले. "पण मी नाकाचा डॉक्टर आहे बाई, संसाराचा नाही. अर्धवट काम मला सोडता येत नाही." आणि त्यांनी दार उघडून जयवंताला आत बोलावलं. "हिला समजवा जरा. नाक वाकडंच ठेवा म्हणते. शेवटी शेवटी घाबरलीय."

जयवंता तिच्याजवळ बसला. त्यानं तिच्या कपाळावरचा घाम उपरण्यानं पुसला. "घाबरू नगंस. मी हाय ना," एवढंच बोलला.

डॉक्टरांनी सुया टोचून नाक बधिर केलं. सारजा जागीच होती. कानामागनं कूर्चेचं मऊ हाड काढलं, ते शेंड्यात बसवलं. नाकपुडीचं बूड कापलं, ओढलं, शिवलं. दुखत नव्हतं. कात्रीचा आवाज मात्र थेट डोक्यात येत होता.

नंतर जयवंतानं तिला डब्यातली भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं भरवली. आया चंद्राबाई फडकं मारता मारता थांबली.

"असा भाऊ मिळायला नशीब लागतं गं! नवऱ्यानं तोडलं नि भावानं जोडलं. भाऊ न्हवं, देव हाय."

"असू द्या मावशी," जयवंता खाली बघत म्हणाला. "भन हाय माझी."

टाके निघाले त्या दिवशी डॉक्टर खुशीत होते. त्यांनी फोटो काढले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. नर्सनं आरसा दिला. नाक सरळ होतं. शेंडा बारीक, नाकपुड्या सारख्या. कपाळावरचा वण पदराखाली झाकला तर हिचं नाक कधी कापलं गेलं होतं असं कुणी म्हणालं नसतं.

"सूज हाय ना अजून?" सारजानं विचारलं.

"ओसरेल की. मग याहून सुरेख दिसेल."

तिनं आरसा पालथा घातला.

जयवंतानं डॉक्टरांचे पाय धरले. त्याचे डोळे खरंच भरले होते. मग तो तिला घेऊन बाहेर आला. त्यानं एम-एटी झाडाखाली लावली होती. गाडीजवळ सारजानं त्याचा हात धरला.

"दादा, मला ठिऊन घे. रानातल्या खोपीत ऱ्हाते. तुझा ऊस खुरपते. शिळंपाकं खाते. पन तितं नको."

जयवंतानं हात सोडवून घेतला. तिच्या डोक्यावरचा पदर हळूच पुढं ओढला, वण झाकला. नव्या नाकाकडं त्यानं नीट पाहून घेतलं.

"तीनदा पळून आलीस, सारजे. चार गावांत माझं नाक कापलंस, म्हनून म्या तुझं कापलं. तुझं तुला भरून दिलं. आता माझं मला भरून दे. उद्या नांदायला चल."